आन मंग ती माय काय म्हणली?

वर्षाच्या पहिल्या बैठकीत आपल्या मंडळात एक खेळ झाला होता. प्रत्येकानं आपलं सगळ्यात आवडतं गाणं सांगायचं आणि ते का आवडतं हेही सांगायचं. कुणी बाबूजी सांगितले, कुणी भूपाळी म्हणून दाखवली, एकानं 'सैराट'मधलं सांगितलं आणि सांगतानाच तो एवढा लाजला की सगळे हसले. माझी पाळी आली तेव्हा "मला विशेष असं काही नाही" म्हणून मी खाली बसले.

ते खोटं होतं. मला विशेष असं एक गाणं आहे. पण ते इंग्रजी आहे, आणि मराठी वाङ्मय मंडळात उठून इंग्रजी गाण्याचं नाव घ्यायचं, तेही माझ्यासारख्या बिदरकडच्या मुलीनं, जिच्या मराठीलाच इथं पहिले सहा महिने "तू नक्की कुठली गं?" असं विचारलं जात होतं, हे मला जमलं नाही. आणि गाण्याबद्दल बोलायचं तर घरातलं बोलावं लागलं असतं. तेही तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. आता जमेल असं वाटतं, म्हणून लिहितेय.

गाणं 'बोहेमियन रॅप्सडी'. बँडचं नाव क्वीन. ३१ ऑक्टोबर १९७५ ला ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं, म्हणजे त्याला पन्नास वर्षं झाली. माझ्या मायपेक्षा ते थोडंसंच मोठं आहे.

आमचं गाव भालकी तालुक्यात, मांजरा नदीच्या अंगाला. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर दखनी. आजीचं माहेर निलंग्याकडचं. तिच्या लहानपणी निलंगा आणि भालकी दोन्ही बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं मांडली तेव्हा निलंगा, उदगीर तिकडं गेले आणि आम्ही इकडं म्हैसूर राज्यात आलो. आजी म्हणायची, मी कुटंच गेले न्हाई, माझं माहेरच परराज्यात गेलं. आमच्या बोलण्यात 'हौ' आहे, 'नक्को' आहे, आणि आईला आम्ही माय म्हणतो. इथं आल्यावर मी फोनवर 'आई' म्हणायला लागले होते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माय थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "कुणी हाय का तुझ्याजवळ?"

तर २०१३ साल. मी आठ वर्षांची, दादा सोळाचा. त्यानं ऊसतोडीच्या दिवसांत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर मदतनीस म्हणून काम करून एक मोबाईल घेतला होता, आणि भालकीच्या मोबाईल दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं होतं. तेव्हा गाणी अशीच मिळायची. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डर असायचे: जुनी हिंदी, नवी हिंदी, कन्नड डीजे, भीमगीतं, माणिकप्रभूंची भजनं, आणि शेवटी 'इंग्लिश मिक्स'. दादानं पैसे देऊन सगळंच भरून घेतलं. इंग्लिश मिक्समधली गाणी आम्ही एकेक करून पुसून टाकली, जागा व्हावी म्हणून. एक राहिलं. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'ट्रॅक ०७'.

का राहिलं, तर आम्हाला वाटलं होतं कार्ड बिघडलंय. सुरुवातीला वाद्य नसताना बरीच माणसं एकदम गातात. मग एक माणूस पियानोवर अगदी हळू, रडवेल्या आवाजात काहीतरी सांगतो. मग गिटार. मग अचानक नाटकातल्यासारखे बारीक-जाड आवाज एकमेकांवर ओरडायला लागतात. मग दणका सुरू होतो, आणि शेवटी परत सगळं शांत. दादा म्हणाला, "चार गाणी एकावर एक कॉपी झालीत." दुकानदाराकडं तक्रार करायची म्हणून आम्ही ते पुन्हा ऐकलं, कुठं जोड दिसतो ते शोधायला. मग परत. जोड सापडेना. तक्रार राहूनच गेली.

पुढं कळलं की हे कार्डाचं बिघडणं नव्हतं, गाणं मुळातच तसं आहे. रॅप्सडी म्हणजे ठरलेल्या साच्यात न बसणारी रचना. आपल्या भावगीताला ध्रुवपद असतं, दोन-तीन कडवी असतात, प्रत्येक कडव्यानंतर आपण ध्रुवपदावर येतो आणि हायसं वाटतं. या गाण्याला ध्रुवपदच नाही. पुढच्या वळणावर काय आहे ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळायची सोय नाही, आणि मागं फिरताही येत नाही. लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. त्या काळात रेडिओवर वाजायचं तर गाणं तीनेक मिनिटांचं हवं असा दंडक होता. रेकॉर्ड कंपनीनं सांगितलं, एवढं लांब कुणी लावणार नाही, कापा. बँडनं कापलं नाही. केनी एव्हरेट नावाच्या लंडनच्या एका रेडिओवाल्याला त्यांनी एक प्रत दिली, वर "वाजवायची नाही हं" अशी ताकीद दिली, आणि त्यानं अपेक्षेप्रमाणे शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ती चौदा वेळा वाजवली. सोमवारी लोक दुकानांत मागायला लागले. मग ते गाणं इंग्लंडच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिलं होतं.

ते लिहिणाऱ्या माणसाचा आपल्याशी संबंध आहे, हे मला इथं हॉस्टेलवर आल्यावर, एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर २०१८ सालचा सिनेमा बघताना कळलं, आणि तेही सिनेमात जवळजवळ नाहीच. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. पारशी. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये जन्म, वडील तिथल्या ब्रिटिश कारभारात खजिनदाराच्या कामावर. आठ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला बोटीनं मुंबईला, आणि तिथून पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगात पाठवलं. पाचगणी! सातारा जिल्हा! जिथं आपली सहल गेली होती आणि सगळ्यांनी टेबललँडवर घोड्यांबरोबर फोटो काढले होते. झांझिबार समुद्रापलीकडं, आफ्रिकेच्या काठावर. दर सुट्टीला घरी जाणं शक्य नव्हतं, तेव्हा सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईच्या नातेवाइकांकडं जायच्या. त्याला एक धाकटी बहीण, काश्मिरा, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. भाऊ बोटीवर चढला तेव्हा ती जेमतेम चालायला लागली असेल.

मी हे वाचलं आणि मला शाळेपेक्षा त्या बहिणीचाच विचार जास्त वेळ येत राहिला.

पाचगणीत तो पियानो शिकला, शाळेच्या कॉयरमध्ये गायला, टेबल टेनिसमध्ये अजिंक्य ठरला, आणि बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात तो मुख्य गायक नव्हता, मागं पियानो वाजवायचा. ड्रमवर होता तो व्हिक्टरी राणा पुढं नेपाळच्या लष्करात जनरल झाला. चहाच्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून बेस केला होता म्हणतात. सहलीत आपली बस त्या शाळेवरून गेली तेव्हा मी खिडकीतून फाटक पाहिलं. फाटकासारखंच फाटक होतं. मी कुणाला काही बोलले नाही, कारण बसमध्ये तेव्हा भेंड्या चालल्या होत्या आणि 'ठ' आलेलं होतं.

गाण्यातला तो मधला भाग, ज्याला आम्ही 'भांडण' म्हणायचो, तो ऑपेराच्या धर्तीवर आहे. तो मला कळला तो आपल्या कॉलेजमुळं. पहिल्या वर्षी डिसेंबरात कॅरल गाणाऱ्यांत पोरी कमी पडत होत्या म्हणून मला ओढलं गेलं. मी भजनात वाढलेली. भजनात काय असतं? एक जण सांगतो, बाकीचे तेच त्याच चालीत म्हणतात. पंचवीस माणसं असली तरी चाल एकच. इथं सरांनी आमचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळी चाल दिली. मला वाटलं सर चुकले. माझ्या गटाची चाल एकटी म्हटली तर अगदी बेचव, तीन-चार सुरांतच फिरणारी. पण चारही गट एकदम गायला लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे माझी बेचव ओळ खालून काहीतरी उचलून धरत होती. तेव्हा डोक्यात एकदम 'ट्रॅक ०७' वाजलं. हेच ते. भांडण नव्हतंच ते, कॅरलचीच रीत होती, फक्त खेळकर आणि राक्षसी आकाराची. पाचगणीच्या शाळेच्या कॉयरमध्ये त्या मुलानं हीच रीत अंगात मुरवली असणार, असा माझा अंदाज आहे.

आणि ते केलं कसं ते ऐका. गाणारे तिघंच. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. चौथा, बेसवाला जॉन डीकन, या गाण्यात गातच नाही. तिघांनी एक ओळ म्हणायची, ती टेपवर घ्यायची. मग त्याच टेपवर शेजारच्या पट्टीत तीच ओळ पुन्हा, मग दुसऱ्या सुरात, मग तिसऱ्या. तेव्हा टेपवर चोवीसच पट्ट्या. त्या भरल्या की सगळ्या मिळून एकदोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत परत गायचं. असे १८० पर्यंत थर चढवले असं सांगतात. दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास, नुसत्या त्या भागाला तीन आठवडे. रॉय थॉमस बेकर हा निर्माता. त्याला वाटायचं झालं, आणि फ्रेडी आणखी एक 'गॅलिलिओ' घेऊन यायचा, की परत टेप जोडा. टेप एवढ्या वेळा फिरली की तिच्यावरचा तपकिरी मुलामा झिजून ती उजेडात धरली तर आरपार दिसायला लागली. ज्यांनी घरात कॅसेट बघितली असेल त्यांना हा मुलामा माहीत असेल. आवाज त्या मुलाम्यातच असतो. म्हणजे अजून थोडे दिवस गायले असते तर गाणं पुसलंच गेलं असतं.

रंगमंचावर हा भाग त्यांना कधीच गाता आला नाही. तिथं ते टेप लावायचे आणि चौघं आत निघून जायचे.

गाण्याची सुरुवात ज्या स्टुडिओत झाली तो रॉकफील्ड, वेल्समध्ये, एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या मळ्यात. दोन भावांना दूध काढण्यापेक्षा गाण्यात जास्त रस, म्हणून त्यांनी गोठ्या-माळ्याचाच स्टुडिओ केला. हे मी दादाला फोनवर सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बघ, म्या काय येगळं केलतं?" पण तेव्हा दादाचा फोन लागत नव्हता.

आता तिकडं येते.

दादाला गाण्याचा नाद आणि यंत्रांचा नाद. ब्रायन मेनं म्हणे आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड घेऊन. दादानं आमच्या पाडलेल्या खोलीच्या दाराच्या फळ्यांचे दोन साऊंड बॉक्स बनवले. २०२१ ला अप्पांनी आणि त्यानं मिळून हप्त्यावर ट्रॅक्टर घेतला तेव्हा ते बॉक्स ट्रॅक्टरवर चढले. आमच्याकडं ऊस वाहणारा ट्रॅक्टर गाण्याशिवाय चालत नाही हे तुम्ही सीमाभागातून कधी रात्री प्रवास केला असेल तर माहीत असेल. आधी गाणं येतं, मग उजेड, मग ट्रॅक्टर. दादाच्या ट्रॅक्टरवर कन्नड डीजे वाजायचं, भजनं वाजायची, आणि रात्री रस्ता रिकामा झाला की 'ट्रॅक ०७'. दणक्याचा भाग आला की तो स्टिअरिंगवर मान आपटल्यासारखी हलवायचा. हे त्याचं स्वतःचं होतं. अमेरिकेत १९९२ साली 'वेन्स वर्ल्ड' नावाच्या सिनेमात चार-पाच पोरं गाडीत बसून नेमकी अशीच मान हलवतात आणि त्यामुळं सतरा वर्षांचं जुनं झालेलं गाणं तिथं पुन्हा दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, हे त्याला कुठून माहीत असणार? त्या दणक्याला माणूस तेच करतो. शिकवावं लागत नाही.

एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी नको तेव्हा. कारखान्याची बिलं लांबली. हप्ते थकले. आमच्या घरात आवाज कमी झाला तो तेव्हापासून. अप्पा आणि दादा एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये फायनान्सवाले येऊन ट्रॅक्टर ओढून घेऊन गेले. जाताना बॉक्स तेवढे उतरवून बांधावर ठेवले, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं.

त्याच रात्री दादाचा मला फोन आला. मी इथं हॉस्टेलवर. मागं स्टेशनचा आवाज. म्हणाला, "मायची बोरमाळ म्या नेली. आक्टोबरातच. दोन हप्ते भरले त्याच्यात. मायला सांगू नको, मी सोडवून आणतो आन मगच येतो." मी म्हटलं, "हौ." त्यानंतर त्याचा तो नंबर बंद.

आणि मी सांगितलं नाही. आठ महिने. माय फोनवर रोज विचारायची, तुझ्याशी बोलला का, काय म्हणला, कशापायी गेला, अप्पा बोलले म्हणून गेला का? मी म्हणायचे, मला काय माहीत. अप्पांना सगळं गाव दोष देत होतं, पोराला घालवून लावलं म्हणून. मी ते ऐकत होते आणि तरी गप्प होते. दादाला दिलेला शब्द, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे एकदा लपवलं की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं, एवढंच होतं ते.

त्या दिवाळीला मी घरी गेले. रात्रीच्या गाडीनं उदगीर, मग भालकी. पाडव्याच्या दुपारी अप्पा रानात गेलेले. माय पडवीत तूर निवडत बसलेली. मी मोबाईलवर गाणं लावलं. मुद्दाम लावलं की सवयीनं, मला आज सांगता येणार नाही. पियानो सुरू झाला तशी माय थांबली. "ह्ये त्याचंच न्हवं का? ट्रॅक्टरवरलं?"

"हौ."

"काय म्हणायलाय गं त्यो? इतक्या दिस ऐकलाव, आरथ कुणी सांगितला न्हाई."

आता मंडळात आपण अनुवादावर एक अख्खं सत्र केलं आहे, पण माझ्यावर आलेला तो सगळ्यात अवघड अनुवाद. या गाण्याचा अर्थ फ्रेडीनं स्वतः कधीच उलगडून सांगितला नाही. लोकांनी ढीगभर तर्क केले आहेत. पण वरवरची गोष्ट सरळ आहे, ती मी मायला सांगितली. एक पोरगा आहे. गरीब. तो आईला हाक मारून सांगतो की माझ्या हातून फार वाईट गोष्ट झाली आहे, आता मला राहता येणार नाही, मी निघालो.

"काय वाईट?"

"माणूस मारलाय त्यानं."

माय तुरीत बोटं फिरवत राहिली. इकडं भांडणाचा भाग सुरू झाला. त्यात बरेच चमत्कारिक शब्द आहेत, इटालियन नाटकातली नावं आहेत, आणि मधेच एक अरबी शब्द आहे. माय एकदम म्हणाली, "बिस्मिल्ला म्हणले बग. ह्ये तर आपल्या दर्ग्यातलं." इंग्रजी बोलणाऱ्या जगात या शब्दावर लेखच्या लेख आहेत की रॉकच्या गाण्यात हा कुठून आला. आमच्या पडवीत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजला नवस बोलणारी, गाणगापूरला दत्ताला जाणारी, आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या प्रभूंची पदं म्हणणारी बाई ती. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत पदं केली, आणि आमच्या भजनी मंडळात एकाच बैठकीत ती तिन्ही होतात. एका गाण्यात चार भाषा आल्या तर आम्ही दचकत नाही. दचकायचं ते दुसरीकडं.

"ते कोण कोण भांडायलेत?"

"त्याला सोडा म्हणायलेत काही जण. काही जण सोडणार न्हाई म्हणायलेत."

"पंच बसलेत म्हण की."

दणका झाला, शांत झालं. शेवटी, अगदी शेवटी, एक मोठी झांज हळूच वाजते, ड्रमवाला रॉजर टेलर ती वाजवतो, आणि तिचा नाद विरेपर्यंत गाणं संपलं की नाही ते कळत नाही. ती विरली. माय वाट बघत होती.

"झालं?"

"हौ."

"आन मंग ती माय काय म्हणली?"

मी गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यातला पियानोचा एकेक ठोका मला पाठ आहे. आणि मला एकदम लक्षात आलं की त्यात आई काहीच बोलत नाही. पोरगा तिला परत परत हाक मारतो, तुला रडवायचं नव्हतं म्हणतो, पंच येतात, भांडतात, वीज-गडगडाट होतो, पण जिला सांगायचं म्हणून गाणं सुरू झालं तिला एक अक्षर दिलेलं नाही. एवढे १८० थर चढवले आणि एकही तिचा नाही. मी नंतर शोधून पाहिलं. या गाण्याच्या कच्च्या मसुद्याची पानं २०२३ साली लंडनच्या लिलावात विकली गेली. एका विमान कंपनीच्या कागदांवर पेन्सिलीनं-पेनानं लिहिलेली. त्यात शीर्षक आधी 'मंगोलियन रॅप्सडी' होतं आणि ते खोडून वर 'बोहेमियन' केलंय. माणसानं शीर्षकापर्यंत खोडाखोड केली, आईची ओळ मात्र शेवटच्या गाण्यात नाही.

मी मायला म्हटलं, "ती काय बोलतच न्हाई."

"कसं न बोलल? इचारलंच नसंल तिला कुणी." तिनं सूप आपटलं. "मानूस मारला तरी माय काय म्हणंल? आधी आत तर ये म्हणंल. आन आपल्यानं काय केलतं? बोरमाळ तर नेली."

मी तिच्याकडं बघतच राहिले.

"पेटी उघडल्यावर दिसंना व्हय मला? दसऱ्यालाच दिसलं. आधी वाटलं अप्पानं नेली. मंग ह्यो गेला तवा कळलं." आणि मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "तुला ठावं होतं न्हवं?"

मी हौ म्हटलं. त्याच्यापुढं मला काही म्हणता आलं नाही. तिनंही विचारलं नाही. तूर निवडून झाली तेव्हा ती म्हणाली, "तुज्या फोनमदी नंबर असंल त्याचा नवा. न्हाई म्हणू नको."

होता. जूनपासून होता. पुण्याकडं एका वर्कशॉपमध्ये लागला होता तो. तेव्हापासून मायचा रोज संध्याकाळी त्याला फोन जायचा. तो उचलायचा नाही. मिस्ड कॉल, असं ती म्हणायची, "त्याला दिसतंय तर खरं."

हे गाणं का टिकलं याची पुष्कळ उत्तरं लोक देतात. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सनं गेला, त्यानंतर ते पुन्हा काढलं आणि पुन्हा पाच आठवडे पहिलं राहिलं. २०१८ च्या सिनेमानं नवी पिढी आली. त्याच वर्षी ते विसाव्या शतकातलं इंटरनेटवर सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं ठरलं, १६० कोटी वेळा. हे सगळं झालंच. पण सिनेमा निघतो तो टिकलेल्या गोष्टीवर, सिनेमामुळं ती टिकत नाही. मला वाटतं, आपण ते एकट्यानं पूर्ण गाऊ शकत नाही हे एक कारण आहे. कुणाला तरी वरचा आवाज धरावा लागतो, कुणाला तरी 'सोडणार नाही' म्हणावं लागतं. हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही सहा पोरींनी एकदा म्हटलं, पैकी दोघींना इंग्रजी गाण्यांचा तिटकारा आहे, त्याच सगळ्यात मोठ्यानं ओरडल्या. आणि दुसरं कारण मायनं सांगितलंच. गाणं एक प्रश्न विचारून थांबतं आणि उत्तर देणाऱ्या माणसाला बोलूच देत नाही. मग ऐकणारे पन्नास वर्षं ते पुन्हा पुन्हा लावतात.

दादानं दिवाळीनंतर नऊ महिन्यांनी, यंदाच्या पंचमीला, कुणालाही न कळवता घर गाठलं. मी सुट्टी टाकून घरी होते, आमच्याकडं पंचमी दिवाळीएवढी मोठी असते. बोरमाळ आणली नव्हती. एक गाठोडं आणि एक सोल्डरिंगची पेटी एवढंच घेऊन आला. अप्पा ओट्यावर होते, ते थोडे सरकले, बसायला जागा झाली. मायनं ताट वाढलं. दिंड होते. तो खाली मान घालून जेवला. बोरमाळेचं कुणी काढलं नाही, त्यानं काढायला तोंड उघडलं तर मायनं तूप वाढलं.

दुपारी तो गोठ्यात गेला. बॉक्स तिथंच होते, पोत्याखाली झाकलेले. एकाच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या, एकावर कोंबडीनं बस्तान बसवलेलं. त्यानं कोंबडीला हुसकलं आणि चारपर्यंत तो खाली बसून तारा जोडत राहिला. मी टॉर्च धरला. आम्ही दोघं फार काही बोललो नाही. मी त्याला रॉकफील्डच्या गोठ्याचं सांगितलं तेव्हा तो हसला, एवढंच.

मग त्यानं माझा मोबाईल मागितला आणि जोडला. आधी घरघर, मग बिनवाद्याचे ते आवाज, मग पियानो. दाराच्या जुन्या फळ्या थरथरायला लागल्या. गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. ओट्यावर अप्पा हलले नाहीत. पोरगा आईला पहिली हाक मारतो ती जागा आली तसा दादानं आवाज वाढवला.

आतून, चुलीपासून, मायचा आवाज आला.

"बारीक कर रं. चहा ठेवलाय."